शफल बंद करून ऐकलेलं २०२३

डिसेंबर उजाडला की गाण्यांच्या ॲपवर तो रंगीबेरंगी हिशेब येतो. वर्षभरात तुम्ही किती मिनिटं गाणी ऐकलीत, कुठला गायक सगळ्यांत जास्त ऐकलात, कुठलं गाणं किती वेळा लावलंत. ऑफिसात सगळे आपापला हिशेब स्टेटसला टाकत होते, म्हणून मीही उत्साहानं माझा उघडला. २०२३ मध्ये मी सर्वांत जास्त काय ऐकलं? हरिपाठ. रोज पहाटे साडेपाच वाजता.

आमच्या घरात माणसं पाच आणि पैसे भरलेलं खातं एक. पहाटे आज्जी, डबे भरताना आई, रविवारी बाबा, आणि रात्री अभ्यासाच्या नावाखाली माझा सेकंड पीयूसीतला भाऊ. त्यामुळे त्या बिचाऱ्या यंत्राची अशी समजूत झाली आहे की मी पंचाहत्तरीची एक वारकरी बाई आहे, जिला रात्री अकरानंतर पंजाबी रॅप आवडतं.

तेव्हा यंदाची यादी मीच करायची ठरवली. गेली दोन वर्षं या सदरातून तुमच्याशी गप्पा मारतेय, कधी पुस्तकांवर, कधी भाड्याच्या घरातल्या झुरळांवर. आज गाण्यांवर. मी संगीत शिकलेली नाही, बीए इंग्रजीवाल्याला जेवढा ताल समजतो तेवढाच मला समजतो. पण ऐकते भरपूर.

अट एकच ठेवली. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, त्याच क्रमानं, शफल बंद करून, निदान तीनदा ऐकलेला हवा. तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुणाला आहे? मलाही नव्हता. पण ९ ऑक्टोबरला आमच्या मेट्रोची पर्पल लाइन चल्लघट्टापासून व्हाइटफील्डपर्यंत सलग सुरू झाली. त्याआधी विजयनगरहून कुंदलहळ्ळीला ऑफिसला जायचं म्हणजे मेट्रो, मग फीडर बस, मग देवाची कृपा. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातानं दांडी, कानात अर्धं गाणं. आता एकदा बसलं की बसलं. जवळजवळ तासभर कुणी उठवत नाही. एक अल्बम मावतो त्यात. ‘मुंदिन निल्दाण’ म्हणजे पुढचं स्टेशन, हे माझं पहिलं पाठ झालेलं कन्नड वाक्य, आणि ते दोन गाण्यांच्या मधल्या शांततेतच मला ऐकू येतं.

आता यादी. क्रमांक देत नाही, कारण दिले तर घरात भांडणं होतात. एका क्रमांकावरून झालीच आहेत, ते पुढे येईल.

एप्रिलमध्ये ‘जुबिली’ ही वेबसीरिज आली, विक्रमादित्य मोटवानेची. सीरिज बघितली नसेल तरी चालेल, गाणी ऐका. काळ स्वातंत्र्याच्या आसपासचा, मुंबईतला सिनेमाचा स्टुडिओ, आणि अमित त्रिवेदीनं संगीतही त्याच काळातलं वाटेल असं केलंय. शब्द कौसर मुनीर यांचे. मी एका रविवारी स्वयंपाकघरात हा अल्बम लावला. आज्जी लसूण सोलत बसली होती. सुनिधी चौहानचं ‘बाबूजी भोले भाले’ सुरू झालं आणि आज्जी मान हलवत म्हणाली, “हे गीता दत्तचं ना गं? पिक्चर कुठलं ते आठवेना बघ.” मी म्हटलं, आज्जी, हे ह्याच वर्षीचं आहे. तिचा विश्वास बसला नाही. मग वैशाली माडेचा आवाज आला तेव्हा म्हणाली, “ही तर टीव्हीवर जिंकलेली वर्ध्याकडची पोरगी!” म्हणजे आवाज बरोबर ओळखला, पण गाणी जुनीच आहेत हा हट्ट तिनं सोडला नाही.

जुन्या गाण्यांची नक्कल करणं सोपं असतं असं मला वाटायचं. एक क्लॅरिनेट, चार व्हायोलिनं, थोडी खरखर टाकली की झालं. पण बहुतेक नकला दोन गाण्यांत उघड्या पडतात. इथे पूर्ण अल्बमभर तो काळ टिकतो, आणि तरी प्रत्येक गाण्याला स्वतःची चाल आहे, कुठल्याही जुन्या गाण्याची उचललेली नाही. कॅबरेचं आहे, विरहाचं आहे, कोळ्यांच्या ठेक्यावरचं आहे. घरात तीन पिढ्या असतील तर हाच अल्बम आधी लावा. कुणी उठून जात नाही.

दुसरा अल्बम बाबांच्या तावडीतून सोडवून घ्यावा लागला. ‘शक्ती’ हे नाव मला फारसं माहीत नव्हतं. बाबांना होतं. १९७० च्या दशकात जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक, झाकीर हुसेन, व्हायोलिनवर एल. शंकर आणि घटमवर विक्कू विनायकराम असे चौघे एकत्र आले आणि मांडी घालून जॅझ वाजवू लागले. त्यांचा ‘नॅचरल एलिमेंट्स’ १९७७ मधला. त्यानंतर स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेला शक्तीचा नवा अल्बम यायला थेट २०२३ चा जून उजाडावा लागला! ‘धिस मोमेंट’. मध्ये ४६ वर्षं. माझ्या आईचं अख्खं शिक्षण, लग्न, दोन बाळंतपणं आणि गुडघेदुखी एवढं सगळं त्या मधल्या काळात झालं.

या अल्बमवर मॅकलॉफ्लिन आणि झाकीरभाई तेच आहेत. विक्कू विनायकरामांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश आहे, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, आणि गायला शंकर महादेवन. बाबांच्या लेखी शंकर महादेवन म्हणजे ‘कट्यार काळजात घुसली’मधले पंडितजी, बाकी त्यांनी काय केलं ते सगळं जोडधंदा. पहिलंच गाणं ‘श्रीनीज ड्रीम’. मँडोलिनवादक यू. श्रीनिवास या गटात पूर्वी वाजवायचे, २०१४ मध्ये अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, त्यांच्या आठवणीचं हे गाणं. मी ते ऐकताना रडायची तयारी ठेवली होती. पण गाणं उड्या मारत येतं. शंकर महादेवन सरगम घेऊन पळतात, झाकीरभाई मागून गाठतात, आणि मधेच सगळे एका श्वासात थांबतात. मेट्रोत माझ्या शेजारच्या काकूंनी माझ्या मांडीवरचा माझा हात बघितला, जो ठेका धरायचा प्रयत्न करत होता आणि सपशेल चुकत होता.

जानेवारीत यांची मैफल बेंगळुरूलाही झाली होती. बाबांनी तिकिटांचे दर बघितले, फोन उलटा ठेवला आणि म्हणाले, “टीव्हीवर दाखवतील कधीतरी.” मग २०२४ च्या फेब्रुवारीतल्या ग्रॅमीसाठी अल्बमला नामांकन मिळालं. बाबा रोज एकदा त्या मैफलीचा विषय काढतात. मी काही बोलत नाही. पण पुढच्या वेळी ते आले तर तिकीट मी काढणार, दर न बघता, असं मी तेव्हा ठरवलं होतं. झाकीरभाईंना समोर बसून ऐकायचं राहून जाऊ नये असं वाटत होतं.

आईचा अल्बम वेगळाच निघाला. गेल्या वर्षभरात आईची झोप मोडलीय. वयच तसं आहे. रात्री दोनला उठून ती बाल्कनीत बसते. तिच्यासाठी शोधता शोधता मला ‘लव्ह इन एक्झाइल’ सापडला. आरूज आफताब ही न्यूयॉर्कला राहणारी पाकिस्तानी गायिका, पियानोवर तमिळ आईवडिलांचा अमेरिकेत वाढलेला मुलगा विजय अय्यर, आणि बेस वाजवायला शहजाद इस्माइली. तबला नाही, ड्रम नाही. गाणी संपायची घाई करत नाहीत, काही तर दहा मिनिटांच्या पुढे जातात. उर्दू शब्द थोडेच, तेही पाण्यावर ठेवल्यासारखे. आईला मी आवाज बारीक करून लावून दिला. दुसऱ्या दिवशी विचारलं, कसा वाटला? म्हणाली, “माहीत नाही गं, दुसऱ्या गाण्याला झोप लागली.” कलाकारांना हे कसं वाटेल ठाऊक नाही, पण आमच्या घरात यंदाच्या कुठल्याच अल्बमला याहून मोठा पुरस्कार मिळालेला नाही.

मराठीचं काय, असं तुम्ही विचारायच्या आत बाबांनी विचारलंच होतं.

‘महाराष्ट्र शाहीर’ एप्रिलच्या शेवटी आला. केदार शिंदेंनी आपल्या आजोबांवर, शाहीर साबळ्यांवर काढलेला सिनेमा. वाईजवळच्या पसरणीचे कृष्णराव साबळे, जन्म ३ सप्टेंबर १९२३, म्हणजे यंदा जन्मशताब्दी. त्यांनी गायलेलं, राजा बढे यांचं आणि श्रीनिवास खळ्यांच्या चालीचं महाराष्ट्रगीत याच वर्षी फेब्रुवारीत राज्यगीत झालं. संगीत अजय-अतुल. ‘बहरला हा मधुमास’वर तुम्हीही एखादं रील केलं असेलच, केलं नसेल तर शेजारच्यांनी केलं असेल. माझ्या ऑफिसातल्या एका मल्याळी मुलीला ते तोंडपाठ आहे, अर्थ न कळता. तिला मी गुरू ठाकूर यांचे शब्द समजावायला गेले आणि ‘मधुमास’पाशीच अडकले. मधाचा महिना? वसंत? मग म्हटलं, तू नुसतं नाच.

पण क्रमानं ऐकलंत तर त्या एका गाण्याच्या आजूबाजूला काय काय आहे ते कळतं. गावाकडच्या एका शाळकरी पोराचा वर्गात गातानाचा व्हिडिओ व्हायरल झाला होता, त्याला अजय-अतुलनी इथे ‘गाऊ नको किसना’साठी बोलावलं. आईचा विरोध पत्करून गाणाऱ्या लहानग्या शाहिराचं ते गाणं. ऐकताना स्टुडिओ जाणवतच नाही, पोराचा आवाज मोकळ्या रानातून यावा तसा येतो. अजय-अतुलच्या गाण्यांत व्हायोलिनांचा डोंगर उभा राहतो ही माझी नेहमीची तक्रार. इथेही तो काही ठिकाणी उभा राहतो. पण डफ आणि तुणतुणं वाजू लागलं की तो डोंगर बाजूला सरकतो आणि माणूस दिसतो.

आईचा आणि तिच्या भिशीतल्या मैत्रिणींचा कल अर्थातच ‘बाईपण भारी देवा’कडे होता, तोही केदार शिंदेंचाच. साई-पियूषची गाणी छान आहेत, मंगळागौरीला आमच्या सोसायटीत वाजलीही. मला सिनेमा गाण्यांपेक्षा जास्त आवडला, म्हणून यादीत घेतला नाही. आईनं दोन दिवस अबोला धरला.

जे राहिलं ते पटकन सांगते. टेलर स्विफ्टनं ‘१९८९’ पुन्हा गाऊन काढला, कारण जुन्या ध्वनिमुद्रणाचे हक्क तिच्याकडे नव्हते. तिच्या हिमतीला सलाम, पण गाणी मला कॉलेजपासूनच पाठ होती. ‘ॲनिमल’ची गाणी भावाच्या खोलीतून दाराच्या फटीतून येतात, तेवढी पुरेत. ए. आर. रहमानचा ‘पोन्नियिन सेल्वन २’ मी दोनदाच ऐकला, तिसऱ्यांदा ऐकला असता तर कदाचित आत आला असता.

आणि आता ज्या क्रमांकावरून भांडण झालं तो अल्बम.

‘सप्त सागरदाचे एल्लो’. कन्नड सिनेमा, दिग्दर्शक हेमंत राव, संगीत चरण राज. दोन भागांत आला. पहिल्या भागाचं नाव साइड ए, १ सप्टेंबरला. दुसऱ्याचं साइड बी, १७ नोव्हेंबरला. ऑफिसातल्या मैत्रिणीनं ओढून नेलं म्हणून मी साइड ए बघायला गेले. मनू ड्रायव्हर आहे, प्रियाला गाता येतं, दोघांना समुद्राकाठी घर हवंय. मग पैशासाठी मनू दुसऱ्याचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतो आणि तुरुंगात जातो. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते की तिचा आवाज त्याच्यापर्यंत कॅसेटमधून पोचतो. श्रीलक्ष्मी बेळमण्णू यांनी गायलेलं ‘कडलनु’ ऐकून मी थिएटरातून निघाले ती थेट मेट्रोत बसले, आणि आपलं स्टेशन मागे गेलं हे मला होसहळ्ळी सोडून तिसऱ्या थांब्यावर कळलं.

घरी येऊन मी जाहीर केलं, यंदाचा माझा सगळ्यांत आवडता अल्बम हा.

बाबांनी पेपर खाली ठेवला. “कन्नड?”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आम्ही मूळचे बेळगावचे. बाबांचं लहानपण त्या सीमावादात गेलं. मोर्चे, बंद, पाट्यांवरचं डांबर, हे सगळं त्यांनी शाळेत असताना पाहिलेलं. नोकरीसाठी पंधरा वर्षांपूर्वी बेंगळुरूला आले, दिवसभर ऑफिसात अस्खलित कन्नड बोलतात, भाजीवाल्याशी, घरमालकाशी, पोलिसाशीही. पण उंबरठ्याच्या आत कन्नड गाणं वाजलेलं मी कधी ऐकलेलं नव्हतं. नियम असा कुणी केला नव्हता. नुसतं वाजत नव्हतं.

“आपल्या भाषेत एवढं काय काय आलं यंदा,” बाबा म्हणाले, “आणि पहिल्या नंबरावर हे?”

मला उत्तर सुचेना. कारण खरं सांगायचं तर मला त्यातले निम्मे शब्द कळलेच नव्हते. माझं शिक्षण इंग्रजीतून, कन्नड परीक्षेपुरतं, आणि आता मेट्रोपुरतं. मी चिडून म्हटलं, तुमच्या कपाटात ती भीमसेनांची संतवाणी आहे ना, ते गदगचे होते. आणि कुमार गंधर्व? आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे! तेव्हा कुठे जातो सीमावाद?

“ते मराठीत गायले,” बाबा म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले.

तीन-चार दिवस विषय तिथंच राहिला. मग एका रात्री मी ‘कडलनु’चे शब्द गूगलवर शोधून अर्थ लावत बसले होते. कन्नड अक्षरं मला एकेक करून वाचावी लागतात, पहिलीतल्या मुलासारखी. मी मोठ्यानं वाचत होते आणि बहुधा फारच वाईट वाचत होते, कारण आतून आवाज आला, “कडल. ळ नाही, ल. कडल म्हणजे समुद्र.”

मी म्हटलं, आणि ‘आचे’?

“पलीकडे. एल्लो म्हणजे कुठेतरी. सप्त सागर तुला कळतंच. सात समुद्रांच्या पलीकडे कुठेतरी.” बाबा दारात येऊन उभे राहिले. “हे नाव ह्यांचं नाही. अडिगांच्या कवितेतलं आहे. गोपालकृष्ण अडिग. आम्हाला शाळेत सरांनी म्हणून दाखवली होती.”

बीए इंग्रजीला आम्हाला एलियट होता, अडिग नव्हते. खुद्द अडिग इंग्रजीचे प्राध्यापक होते, हेही मला त्या रात्री बाबांकडून कळलं. ते खुर्ची ओढून बसले आणि आम्ही अख्खा अल्बम ऐकला, गाण्यामागून गाणं. बाबा मध्ये मध्ये थांबवून अर्थ सांगत होते. कुठे म्हणायचे, “हे मराठीत असं नाही होत.” कुठे म्हणायचे, “हा शब्द आपलाच.” चरण राजचं संगीत कसं आहे ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. समुद्र प्रत्येक गाण्यात आहे, कधी लाटेसारखा, कधी नुसता लांबून येणाऱ्या आवाजासारखा. व्हायोलिनं येतात, पण हळू येतात, पाहुण्यासारखी. शेवटचं गाणं संपल्यावर बाबा म्हणाले, “पहिला नंबर देऊ नको. पण असू दे यादीत.” म्हणून या यादीला क्रमांक नाहीत.

आज्जी जागीच होती. तिला सिनेमाची गोष्ट सांगितली. कॅसेट म्हटल्यावर ती उठून बसली. “आपल्याकडे पण आहे की एक. ह्यांच्या आवाजातली.”

ट्रंकेच्या तळाशी, लग्नाच्या शालूच्या घडीत ती सापडली. साठ मिनिटांची, दोन्ही बाजूंना तीस-तीस. कागदावर आजोबांच्या अक्षरात ‘आषाढी १९९५’. घरी भजनाला माणसं जमली होती, आजोबा पेटीवर होते. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला त्यांचा तंबाखूचा वास आठवतो, आवाज आठवत नाही.

टेपरेकॉर्डर होता, पण तो सुरू केला की आतून नुसती घरघर यायची. मी शनिवारी तो घेऊन एस. पी. रोडला गेले. चार दुकानदारांनी हसून परत पाठवलं. पाचव्यानं उघडला, आतला रबरी पट्टा दाखवला, जो च्युइंगमसारखा चिकट झाला होता, आणि नवा बसवून साडेतीनशे रुपये घेतले. कॅसेटवर थोडी बुरशी होती, ती त्यानं कापसानं पुसून दिली. म्हणाला, आधी एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या, मगच वाजवा, नाहीतर फीत तुटेल. तुमच्याकडे अशी जुनी कॅसेट असेल तर हे लक्षात ठेवा. मग हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर जोडायची आणि रेकॉर्ड करायचं. याला पळवाट नाही, तीस मिनिटांच्या बाजूला तीस मिनिटंच लागतात. शफलही नाही.

नोव्हेंबरमध्ये बीटल्सचं शेवटचं गाणं म्हणून ‘नाऊ अँड देन’ आलं, ते तुम्ही ऐकलं असेल. जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज यंत्राच्या मदतीनं पियानोतून वेगळा काढून ते पुरं केलं. मला तसलं काही येत नाही. आमच्या फाइलमध्ये आजोबांबरोबर टाळ आहेत, कुणीतरी खोकतंय, भांडं पडल्याचा आवाज आहे, आणि आज्जीचा तरुण आवाज, “अहो, चहा आणू का?” ए बाजूला सहा अभंग. आजोबांचा आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बारीक निघाला. आज्जी हात जोडून ऐकत होती, बाबा भिंतीकडे बघत.

मग बी बाजू लावली. एक अभंग पूर्ण झाला. दुसऱ्याचा अंतरा वर चढत होता, आजोबांनी श्वास घेतला, आणि खट्ट. एकदम हजारो माणसांचा आरडाओरडा. इंग्रजी कॉमेंट्री. वकार युनूस, अजय जडेजा. ९ मार्च १९९६, इथल्याच चिन्नास्वामी स्टेडियमवरची वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, भारत विरुद्ध पाकिस्तान. कुणीतरी बेळगावच्या घरात रेडिओसमोर टेप ठेवून अभंगावरच मॅच भरली होती.

बाबांचा चेहरा पडला. “हा त्या गाढवाचा उद्योग.” गाढव म्हणजे माझा काका. तो तेव्हा कॉलेजात होता आणि क्रिकेटसाठी वेडा होता. कॅसेट पुसल्याचा आळ त्याच्यावर तेव्हाच आला होता, आणि गेली सत्तावीस वर्षं घरात काहीही हरवलं, बिघडलं की बाबा त्या कॅसेटची आठवण काढतात.

मी काकाला फोन लावला, स्पीकरवर. त्याला थोडं ऐकवलं. तो म्हणाला, “मी नाही केलं ते. किती वेळा सांगू?”

“त्यानं नव्हतं केलं,” आज्जी म्हणाली. “ह्यांनीच केलं. जडेजा मारायला लागला तसं हाताला लागेल ती कॅसेट घातली. नंतर दोन दिवस जेवले नाहीत.”

बाबा म्हणाले, “आई, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“सांगू नको म्हणाले होते.”

फोनवर बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं कट झाला. मग काका म्हणाला, “ती फाइल मला पाठव. कापू नको काही. कॉमेंट्रीसकट पाठव.”